अळवावरचे पाणी आणि मोटारीवरचे मेण

मृगाची पहिली सर नुकतीच पडून गेली आहे. लातूर–बार्शी रस्त्यावरच्या मुरुडला दोन जीपगाड्या शेजारीशेजारी उभ्या आहेत, अशी कल्पना करा. (समुद्रकाठचे, जंजिऱ्याशेजारचे मुरुड वेगळे. हे मुरुड लातूर तालुक्यातले.) एका गाडीच्या टपावर पाणी सपाट पसरले आहे आणि त्याचे वेडेवाकडे ओघळ खाली येत आहेत. दुसऱ्या गाडीवर मात्र पाण्याचे टपोरे, गोल थेंब मोत्यांसारखे उभे आहेत. दोन्ही गाड्यांवर पाऊस एकच पडला. पत्राही सारखाच आहे आणि रंगही सारखाच. मग पाण्याने असा दुजाभाव का करावा?

तुम्ही विचारलेत तर दुसऱ्या गाडीचा चालक म्हणेल, "गाडीला वॅक्स लावलंय." शेजारचा कुणी म्हणेल, "वॅक्स कसलं, आता सीलंट मिळतं, ते त्याहून भारी. बघा, थेंब कसे उभे राहतात!" दुकानदारही डबी विकताना हेच करतो. रंगवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर लेप लावतो, वर पाणी शिंपडतो आणि थेंब दाखवतो. थेंब जितका गोल तितका लेप चांगला, असे ग्राहकाच्या मनात ठसते आणि तो खिशात हात घालतो.

हे अनुमान बरोबर आहे का? या लेखात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत. थेंब गोल का होतो, मेण आणि सीलंट ते काम कसे करतात, आणि थेंबाकडे पाहून आपल्याला काय कळते व काय कळत नाही.

थेंबाला गोल कोण करतो?

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. या ओढीला संसंजन बल म्हणतात. पाण्याच्या पोटातल्या रेणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात, त्यामुळे त्याच्यावरची ओढ सर्व बाजूंनी सारखी असते. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या अंगाला शेजारी नसतात, म्हणून त्याला आतल्या बाजूला खेचले जाते. परिणामी पाणी आपला पृष्ठभाग होता होईल तितका लहान ठेवू पाहते. ठरावीक घनफळाला सर्वांत कमी पृष्ठभाग कोणत्या आकाराचा असतो? गोलाचा. म्हणून मोकळा सुटलेला लहान थेंब गोल होतो.

पृष्ठभागाच्या या आकसण्याच्या वृत्तीला पृष्ठताण म्हणतात. २० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.०७३ न्यूटन असतो. रॉकेलचा पृष्ठताण याच्या सुमारे एक तृतीयांश असतो, तर पाऱ्याचा सुमारे साडेसहा पट. फुटलेल्या तापमापीतला पारा गोळ्या होऊन पळतो, तो याच कारणाने. (पारा विषारी आहे. त्याला हात लावून हे पाहायला जाऊ नका.)

आता थेंब एखाद्या पृष्ठभागावर ठेवा. इथे दुसरी ओढ कामाला लागते. पृष्ठभागाचे रेणू पाण्याच्या रेणूंना आपल्याकडे ओढतात. हे आसंजन बल होय. आसंजन जास्त असेल तर थेंब पसरतो, संसंजन जास्त असेल तर तो गोळा होऊन राहतो. स्वच्छ धुतलेल्या काचेवर पाणी पसरते आणि मेणबत्तीवर गोळा होते, हे तुम्ही पाहिलेच असेल.

स्पर्शकोन : थेंबाचे प्रगतिपुस्तक

"थेंब बराच गोल आहे" असे म्हणून विज्ञानाचे भागत नाही. किती गोल, हे मोजता आले पाहिजे. त्यासाठी थेंबाकडे बाजूने पाहा. थेंबाची कड जिथे पृष्ठभागाला टेकते, त्या ठिकाणी थेंबाला स्पर्शरेषा काढा. ही रेषा आणि पृष्ठभाग यांच्यामधला, पाण्याच्या अंगाचा कोन म्हणजे स्पर्शकोन. पसरलेल्या पाण्याचा स्पर्शकोन शून्याच्या जवळ असतो. बरोबर अर्धगोलाकार थेंबाचा ९० अंश असतो. थेंब त्याहून उभारलेला असेल तर कोन ९० अंशांपेक्षा मोठा असतो. ९० अंशांच्या खालचा पृष्ठभाग जलस्नेही आणि वरचा जलविरोधी, अशी ढोबळ विभागणी करतात.

या कोनामागचे गणित इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडले. प्रकाश तरंगरूप आहे हे प्रयोगाने दाखवणारे यंग ते हेच. थेंबाच्या कडेवर तीन बाजूंची रस्सीखेच चालू असते, अशी त्यांची कल्पना होती. कोरडा पृष्ठभाग कडेला बाहेर ओढतो. पाणी आणि पृष्ठभाग यांच्यामधली सीमा तिला आत ओढते. पाण्याचा स्वतःचा पृष्ठताण स्पर्शरेषेच्या दिशेने ओढतो. तिघांचा तोल ज्या कोनाला साधतो, तिथे कड थांबते. म्हणजे पाणी तेच असले तरी पृष्ठभाग बदलला की कोन बदलतो.

हा कोन तुम्ही शाळेतही मोजू शकता. थेंब लहान असला की तो गोलाचाच तुकडा मानता येतो. त्याची उंची आणि तळाची रुंदी मोजा. मग भूमितीवरून हे सूत्र मिळते :

टॅन (स्पर्शकोनाचा निम्मा) = २ × उंची ÷ तळाची रुंदी

दहावीच्या मुलांनी हे सूत्र सिद्ध करून पाहावे. खालच्या वर्गातल्यांसाठी तयार कोष्टक देतो. उंचीला तळाच्या रुंदीने भागा आणि कोन वाचा.

भागाकार ०.२५ : कोन ५३ अंश
भागाकार ०.४० : कोन ७७ अंश
भागाकार ०.५० : कोन ९० अंश
भागाकार ०.६० : कोन १०० अंश
भागाकार ०.६७ : कोन १०६ अंश
भागाकार ०.७५ : कोन ११३ अंश
भागाकार १.०० : कोन १२७ अंश

उदाहरणार्थ, थेंबाचा तळ ३ मिलिमीटर रुंद आणि उंची २ मिलिमीटर असेल तर स्पर्शकोन १०६ अंश येतो. इथे एक काळजी घ्या. थेंब मोठा झाला की त्याच्या वजनाने तो दबून चपटा होतो आणि सूत्र चुकीचे उत्तर देते. म्हणून थेंब ३-४ मिलिमीटरांपेक्षा मोठा नको.

उघडा रंग पाण्याला का धरतो?

आजच्या मोटारीवर रंगाचे अनेक थर असतात. पत्र्यालगत गंजरोधक अस्तर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर. हे सगळे मिळून जाडी साधारणपणे एक दशांश मिलिमीटरच्या आसपास भरते. वरचा पारदर्शक थर बहुवारिकाचा, म्हणजे लांबच लांब रेणूंच्या जाळ्याचा असतो. या जाळ्यात ठिकठिकाणी ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे अणू असतात. पाण्याचा रेणू ध्रुवीय आहे. त्याच्या एका अंगाला थोडा धन आणि दुसऱ्या अंगाला थोडा ऋण विद्युत्प्रभार असतो. असा रेणू ऑक्सिजनसारख्या अणूंशी हायड्रोजन बंधाने सलगी करतो. जणू भिंतीला खुंट्या असाव्यात आणि पाण्याने त्यांना हात अडकवावेत.

नव्या रंगावर खुंट्या थोड्या असतात. पण मराठवाड्याच्या उन्हात गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रेणूंचे जाळे तोडू लागतात. तुटलेल्या टोकांना ऑक्सिजन चिकटतो आणि नव्या खुंट्या तयार होतात. शिवाय पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होतो आणि त्यावर मातीचा थर बसतो. म्हणून जुन्या, न जपलेल्या रंगावर पाणी अधिकच पसरते.

मेणाची युक्ती

मेणाचा रेणू म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांची लांब साखळी. मेणबत्तीच्या पॅराफीनमध्ये तर दुसरे काहीच नसते. या साखळीवर पाण्याने हात अडकवावा अशा खुंट्या जवळपास नसतात. मेणाचा अगदी पातळ थर, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ, रंगावर बसला तरी खालच्या खुंट्या झाकल्या जातात. आसंजन घटते, संसंजन वरचढ ठरते आणि थेंब उभा राहतो. गुळगुळीत मेणावर पाण्याचा स्पर्शकोन १०५ अंशांच्या आसपास असतो.

गाड्यांच्या मेणात कार्नौबा या मेणाचे नाव फार ऐकू येते. ब्राझीलच्या ईशान्य भागात कोपर्निसिया प्रुनिफेरा नावाचे ताडाच्या कुळातले झाड आहे. तो प्रदेश रखरखीत आहे. पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर मेणाचा लेप चढवते. पाने वाळवून झोडपली की मेणाच्या पापुद्र्या झडतात. कार्नौबा ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. आता मे महिन्यात भर दुपारी मुरुडच्या उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा विचार करा. तिचा पत्रा ६० अंशांच्याही वर तापू शकतो. नुसते मधमाश्यांचे मेण तिथे लोण्यासारखे मऊ पडून धूळ धरील. कार्नौबाला महत्त्व आले ते या काठिण्यामुळे.

असे झाड पाहायला ब्राझीलला जाण्याची मात्र गरज नाही. रब्बीच्या ज्वारीच्या ताटावर, पानाचा जो भाग ताटाला गुंडाळलेला असतो त्यावर, पांढरी भुकटी दिसते. बोटाने पुसली की ती बोटाला लागते. तेही मेणच आहे. कोरड्या हवेत ज्वारी तग धरते, त्यात या मेणाचा वाटा आहे.

पण मेणाचा एक दुबळेपणा आहे. ते रंगावर नुसते बसलेले असते, रंगाशी त्याचा रासायनिक बंध नसतो. घासले की निघते, उन्हाने झिजते आणि साबणाने धुतले की सुटते. म्हणून मेणाचा लेप काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतो.

सीलंटची युक्ती

सीलंट कारखान्यात तयार होते. त्यात बहुधा सिलिकोन वर्गाची बहुवारिके असतात. या रेणूचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू आलटूनपालटून जोडून बनतो. कण्याच्या दोन्ही अंगांना मेथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचे झुपके असतात. कणा लवचिक असल्यामुळे तो सहज वळतो आणि मेथिल गट बाहेरच्या बाजूला येतात. पाण्याला पुन्हा खुंटी सापडत नाही. अशा पृष्ठभागावरही स्पर्शकोन १०० ते ११० अंशांच्या घरातच असतो.

मग फरक कुठे? फरक पकडीत आहे. अनेक सीलंटमधील सिलिकोनला नायट्रोजनयुक्त अमिनो गट जोडलेले असतात. हे गट रंगाच्या खुंट्यांना घट्ट धरतात. ज्या खुंट्यांना पाण्याने धरले असते, त्यांनाच लेप आधी धरून बसतो. शिवाय काही सीलंटचे रेणू लावल्यानंतर एकमेकांशी जोडले जाऊन जाळे तयार करतात. म्हणून सीलंट साबणाला आणि उन्हाला मेणापेक्षा जास्त दिवस दाद देत नाही. ते काही महिने टिकते.

हल्ली "सिरॅमिक" लेपाची जाहिरात दिसते. त्यातले रेणू हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया करून काचेसारखे सिलिकॉन–ऑक्सिजनचे कठीण जाळे बनवतात. ते वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकू शकते. इथे एक गंमत लक्षात घ्या. शुद्ध सिलिका म्हणजे वाळू, आणि वाळू व काच या तर जलस्नेही! मग या लेपावर थेंब का उभा राहतो? कारण जाळ्याला बाहेरच्या अंगाने तेच कार्बन–हायड्रोजनचे झुपके जोडलेले असतात. टिकाऊपणा जाळ्याचा, थेंब झुपक्यांचा. झुपके झिजले की जाळे शाबूत असूनही थेंब पसरू लागेल.

बाजारातल्या पुष्कळ "वॅक्स"च्या डब्यांतही सिलिकोन मिसळलेले असते. म्हणून डबीवरचे नाव वाचून आत काय आहे हे ठरवू नये.

अळूचे पान पुढे का?

क्षणभंगुर गोष्टीला आपण "अळवावरचे पाणी" म्हणतो. अळूच्या पानावर थेंब जवळजवळ पूर्ण गोल असतो. त्याचा स्पर्शकोन १५० अंशांच्याही वर जातो. पानावरही मेणच आहे. मग गाडीवरचे मेण १०५ अंशांवर का अडकते?

कारण रसायनाची मर्यादा तेवढीच आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर आजवरच्या कोणत्याही पदार्थाने, अगदी फ्लोरीनयुक्त लेपांनीही, स्पर्शकोन १२० अंशांच्या फारसा पुढे जात नाही. त्यापुढे जायचे तर पृष्ठभागाची रचना बदलावी लागते. अळूच्या आणि कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे. त्यांवर मेणाचे आणखी बारीक कण असतात. थेंब उंचवट्यांच्या शेंड्यांवर टेकतो आणि मधल्या फटींत हवा राहते. म्हणजे थेंब बराचसा हवेवरच बसलेला असतो. अशा सच्छिद्र पृष्ठभागांचे गणित कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये दिले. कमळाचे पान स्वतःला कसे स्वच्छ ठेवते, हे जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये सविस्तर दाखवले. गोल थेंब गडगडताना धुळीचे कण आपल्या अंगावर उचलून नेतो.

मग मोटारीला अळूचे पान का बनवू नये? एक तर उंचवट्यांनी प्रकाश विखुरतो आणि रंगाची चकाकी जाते. दुसरे, हे नाजूक उंचवटे फडक्याच्या दोन फटकाऱ्यांत मोडतात. अळूला दर मोसमात नवे पान येते, मोटारीला येत नाही.

उभा राहणे वेगळे, निसटणे वेगळे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. थेंब गोल उभा आहे म्हणजे तो सहज घरंगळेल, असे नाही. पत्रा तिरपा केला की थेंबाची खालची कड फुगते आणि वरची कड ताणली जाते. खालच्या कडेचा कोन मोठा आणि वरच्या कडेचा लहान होतो. हा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की थेंब निसटतो. पृष्ठभागावर ओरखडे, धूळ किंवा लेपाचे कमीजास्त डाग असतील तर थेंबाची कड तिथे अडकते आणि तो निसटायला जास्त उतार लागतो. स्पर्शकोन सारखाच असलेल्या दोन लेपांपैकी एकावरून थेंब २० अंशांच्या उतारावर निसटेल, तर दुसऱ्यावर ४० अंशांनाही चिकटून राहील. गाडी कोरडी होण्याच्या दृष्टीने पहिला लेप चांगला. म्हणून लेपांची तुलना करताना स्पर्शकोन आणि निसटण्याचा कोन, दोन्ही मोजावेत.

आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. मराठवाड्यात बसाल्ट खडकातल्या विंधन विहिरींचे पाणी बऱ्याच ठिकाणी कठीण असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. समजा, एका लिटरमध्ये १००० मिलिग्रॅम क्षार आहेत. गाडी धुतल्यावर तिच्यावर पाव लिटर पाणी राहिले, तर त्यात पाव ग्रॅम क्षार असणार. पाणी उडून जाते, क्षार उडत नाहीत. पाणी १२ मिलिमीटर व्यासात पसरून वाळले तर क्षार पातळ पसरतात. तेच पाणी ३ मिलिमीटर व्यासाच्या थेंबात वाळले तर क्षेत्रफळ १६ पट कमी होते आणि क्षार १६ पट दाट साचतात. म्हणून सपाट टपावर उभे राहून वाळलेले सुंदर थेंब पांढरी वर्तुळे मागे ठेवतात. ती घासायला गेलो की रंगावर ओरखडे येतात. ज्या लेपाने थेंब उभा केला, त्यानेच डाग दाट केला! उपाय सोपा आहे. गाडी उन्हात धुऊ नये आणि धुतल्यावर मऊ फडक्याने लगेच टिपून घ्यावी.

या डागांना काही लोक "थेंबाच्या भिंगाने रंग भाजला" असे म्हणतात. हे खरे आहे का, पाहू. गोल पृष्ठभागातून पाण्यात शिरलेले किरण शिखरापासून सुमारे ४ त्रिज्या अंतरावर एकत्र येऊ पाहतात. पण १०६ अंशांच्या थेंबाची उंची फक्त सव्वा त्रिज्येएवढी असते. म्हणजे किरण एकत्र येण्यापूर्वीच रंग गाठतात आणि नाभी रंगाच्या खाली, दूर पडते. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये पानांवर असेच प्रयोग करून गुळगुळीत पाने थेंबांनी भाजत नाहीत, असे दाखवले. केसाळ पानांवर थेंब केसांनी वर उचलला जातो. तिथेच नाभी पानावर पडू शकते.

थेंब काय सांगतो, काय सांगत नाही?

थेंब फक्त सर्वांत वरच्या, रेणूभर जाडीच्या थराबद्दल सांगतो. तो थर जलविरोधी आहे, एवढेच. लेप किती जाड आहे, ओरखडा अडवील का, अतिनील किरण थोपवील का, किती महिने टिकेल, यांतले काहीही तो सांगत नाही. स्वस्तातला सिलिकोनचा फवारा मारला तरी थोडे दिवस झकास थेंब दिसतात.

उलटही खरे आहे. थेंब पसरला म्हणजे लेप गेलाच, असे नाही. धुळीचा पातळ थर बसला की पाण्याची गाठ धुळीशी पडते, लेपाशी नाही. गाडी साबणाने धुऊन, साबण पूर्ण काढून मगच परीक्षा घ्यावी. साबणाचा अंश राहिला तर तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि चांगल्या लेपावरही थेंब चपटा होतो.

सिलिकोनच्या घट्ट पकडीचा एक तोटा रंगारी सांगतील. गाडी पुन्हा रंगवायच्या वेळी पत्र्यावर सिलिकोनचा अंश राहिला तर ताजा रंग तिथून मागे सरकतो आणि रंगात बारीक खळगे पडतात. पाण्याला दूर सारणारा पृष्ठभाग रंगालाही दूर सारतो.

आणि शेतात नेमके उलटे हवे असते. कोबीच्या किंवा कांद्याच्या मेणचट पानावर औषध फवारले तर थेंब गडगडून मातीत जातात. पैसा वाया जातो, कीड तशीच राहते आणि विष जमिनीत मुरते. म्हणून फवाऱ्याच्या पाण्यात पृष्ठताण कमी करणारे, थेंब पसरवणारे द्रव्य थोड्या प्रमाणात मिसळतात. गाडीवर स्पर्शकोन वाढवायचा, पानावर कमी करायचा. नियम एकच, गरज वेगळी.

प्रयोग : स्वतः तुलना करा

साहित्य : रंगवलेल्या पत्र्याचा जुना तुकडा, मेणबत्ती, गाडीचे वॅक्स, सीलंट, मोजपट्टी, आगकाडी, मऊ फडकी आणि मोबाइलचा कॅमेरा. वॅक्स आणि सीलंट गॅरेजमध्ये मागितले तर चमचाभर सहज मिळेल.

कृती : (१) पत्रा साबणाने धुऊन कोरडा करा. त्याचे चार समान भाग आखा. (२) एक भाग तसाच ठेवा. उरलेल्या तिघांवर अनुक्रमे मेणबत्ती, वॅक्स आणि सीलंट लावून फडक्याने घोटा. मेण विस्तवावर वितळवू नका, आणि डबीतला द्रव ज्योतीजवळ नेऊ नका, तो पेट घेऊ शकतो. (३) एक दिवस थांबा. (४) आगकाडीच्या टोकाने प्रत्येक भागावर पाच छोटे थेंब ठेवा. कॅमेरा पत्र्याच्या पातळीत धरून शेजारी मोजपट्टीसह छायाचित्र घ्या. उंची आणि तळाची रुंदी मोजून कोष्टकावरून कोन काढा. पाच थेंबांची सरासरी घ्या. (५) पत्र्याचे एक टोक हळूहळू उचला. थेंब निसटेल तेव्हा उचललेली उंची मोजा. पत्रा ३० सेंटिमीटर लांब असून टोक १५ सेंटिमीटर उचलले असेल, तर उतार ३० अंशांचा. हे करताना सर्व भागांवर थेंब सारख्याच आकाराचे हवेत, कारण मोठा थेंब लवकर निसटतो. (६) पत्रा गच्चीवर उन्हात ठेवा. दर आठवड्याला एक तांब्या पाण्याने आणि थोड्या साबणाने धुऊन मापे घ्या. दोन महिन्यांचा आलेख काढा.

एक पथ्य पाळा. कोणत्या भागावर काय लावले आहे, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावे. दुसऱ्या मित्राने भागांना फक्त क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठी शिक्षकांकडे ठेवावी. महागड्या डबीचा थेंब आपल्याला नकळत जास्त गोल दिसू लागतो!

पहिल्या दिवशी तिन्ही लेपांचे कोन जवळजवळ सारखे येतील. खरी स्पर्धा त्यानंतर सुरू होते. आलेखाची रेषा कोणाची आधी उतरते, तिकडे लक्ष ठेवा.

विचार करून पाहा

१. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. नळीतून मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल आणि एक गाडी धुवायला १५ मिनिटे लागत असतील, तर एका वाघिणीच्या पाण्यात किती गाड्या धुतल्या जातील? तेच काम दोन बादल्यांत, म्हणजे ३० लिटरमध्ये केले तर किती?

२. गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी थेंबाथेंबाने उभे राहिलेले बरे, की सलग पातळ पसरलेले बरे? गाडी उभी असताना आणि वेगात असताना उत्तर बदलेल का?

३. दुकानदाराने दोन डब्या पुढे ठेवल्या. दोन्हींवर थेंब सारखेच गोल आहेत, पण किंमत एकीची दुसरीच्या चौपट आहे. कोणती घ्यावी हे ठरवण्यापूर्वी तुम्ही त्याला कोणते तीन प्रश्न विचाराल?